सहाव्या रिळातला जोड

माझ्या हातचा जोड पडद्यावर कधी कुणाला कळला नाही, हे मी चाळीस वर्षं छाती पुढं काढून सांगत आलो. आता तेच सांगताना मान खाली जाते. तरी सांगणार. चौथी नापास माणसाचं लिहिणं आहे, वेडंवाकडं असेल, पण खोटं नाही. खोटं बोलायचं ते मी बोलून बसलो आहे.

मी टुरिंग टॉकीजचा ऑपरेटर. आमचा तंबू शेवगाव, पाथर्डी, नेवासा, राहुरी असा यात्रा-जत्रांच्या मागं फिरायचा. मशीनला माझ्याशिवाय कुणी हात लावत नसे, मालकसुद्धा नाही. फिल्मची पट्टी तुटली की दोन्ही टोकं कात्रीनं सरळ करायची, ब्लेडनं वरचा थर खरवडायचा, चिकटवायचं औषध लावायचं आणि दाबून धरायचं. फिल्मच्या कडेला आवाजाची रेघ असते. तिथं जोडावर काळ्या शाईचा छोटा त्रिकोण काढला, तर जोड जाताना खट्ट होत नाही. भलेभले ऑपरेटर एवढी तसदी घेत नसत. मी घ्यायचो.

आमच्याकडं एक जुना काळापांढरा पिक्चर होता, एका सासुरवाशिणीची गोष्ट. मालकानं ती प्रत कायमचीच विकत घेतलेली. त्यामुळं आमच्या भागात ज्यानं तो पाहिला, त्यानं आमच्याच तंबूत पाहिला. बाया गाड्या जुंपून यायच्या आणि डोळे पुसत जायच्या.

त्या पिक्चरच्या सहाव्या रिळात जात्याचा एक प्रसंग होता. शेजारची एक बाई दळत बसली आहे, ओव्या गाते आहे, आणि सासुरवाशीण दारात उभी राहून ऐकते आहे. बोलणं नाही, चालणं नाही. चार मिनिटं नुसतं दळण. मढीच्या यात्रेत पहिल्यांदा लावला, तर पुढं बसलेल्या गड्यांनी शिट्ट्या सुरू केल्या.

"ए ऑपरेटर, पीठ झालं का रं?"

"भाकरी कवा थापायची, वरून ये आन सांग!"

एकानं ढेकूळ मारलं, ते पडद्याला लागलं. मला लागल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहावं रीळ काढलं आणि ते साडेतीनशे फूट दळण कापून टाकलं. मालकानं सांगितलं नव्हतं. ही माझी अक्कल. जोड घातला, त्रिकोण काढला. त्या दिवसापासून शिट्टी नाही, ढेकूळ नाही. मालक म्हणाला, "आता कसा पळतोय पिक्चर!" मला वाटलं, ज्यानं काढला त्याला जमलं नाही ते मी केलं.

कापलेली पट्टी मी फेकली नाही. मशीनमध्ये ओवताना रिळाचं पहिलं टोक झिजतं, म्हणून त्याला रद्दी पट्टी जोडतात. त्या दळणाचे तुकडे करून मी इतर पिक्चरांच्या टोकांना लावले. दिवा उघडून पडद्यावर चित्र पडायच्या आधी ते मशीनमधून सरकून जायचे. झिजले, फाटले, संपले.

पुढं घरोघर टीव्ही आले, व्हिडिओ आले, डिशच्या तारा आल्या. नव्वदीच्या सुरुवातीला तंबू कायमचा उतरला. मालक म्हणाला, तुला काय पाहिजे ते घेऊन जा. मी त्या सासुरवाशिणीचे बारा डबे घेतले. बायको म्हणाली, "ह्याच्यापरीस ताडपत्री आणली आसती तर छपरावर तरी टाकली आसती." मी डबे माळ्यावर ठेवले. महिन्या-दोन महिन्यांनी उघडून वारा द्यायचो, एकेक रीळ मऊ फडक्यानं पुसून परत गुंडाळायचो. कशासाठी, ते माझं मलाही सांगता आलं नसतं.

चार-पाच वर्षांनी पुण्याहून एक मॅडम आल्या. जुने पिक्चर शोधून नीट करणाऱ्या एका संस्थेत त्या होत्या. त्यांनी सांगितलं की ह्या पिक्चरची मूळ निगेटिव्ह गोदामात ओल लागून चिकटून गेली, दुसऱ्या प्रती सापडत नाहीत. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी पांढरे हातमोजे घातले, पहिला डबा उघडला आणि नाक जवळ नेऊन वास घेतला. खराब फिल्मला आंबट वास येतो. माझ्या फिल्मला नव्हता.

"बाबा, इतकी नीट ठेवलेली प्रत मी आजवर बघितली नाही."

हे वाक्य घेऊन मी आठवडाभर गावात फिरलो. मारुतीच्या पारावर मी ते किती वेळा सांगितलं असेल, मोजलं नाही.

त्यांनी मला पुण्याला बोलावून घेतलं. तिथं काम बघितलं, अगदी जवळ सरकून. पट्टीच्या कडेचं फाटलेलं एकेक भोक चिमट्यानं सांधत होते. पट्टी धुऊन काढत होते. मग एका पातळ द्रावात बुडवून एकेक चित्राची नव्या फिल्मवर नक्कल. द्रावानं ओरखडे भरून निघतात. चाळीस वर्षांचा पडद्यावरचा ओरखड्यांचा पाऊस माझ्या डोळ्यांदेखत थांबला. आवाजातली खरखर वेगळी बसून काढत होते. मी म्हटलं, आपण आयुष्यभर मशीन फिरवलं, पण पिक्चर स्वच्छ असा आज पाहिला.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी मला टेबलाजवळ बोलावलं. खालून उजेड, वर भिंग.

"बाबा, सहाव्या रिळात हा जोड आहे. शाईचा त्रिकोण तुमचाच ना? काम फार सुबक आहे. इथून काही गेलंय का?"

एवढं कौतुक झालेलं. पाच-सहा शिकलेली माणसं भोवती उभी. मी म्हणालो, "पट्टी तुटली हुती. दोन बोटं गेली आसतील."

"पण जुन्या कागदांवर लांबी जास्त आहे."

"टोकं झिजत्यात मॅडम. दर खेळाला थोडी थोडी जात्यात. चाळीस वर्सं चालवलाय."

त्यांनी भिंगातून पुन्हा पाहिलं. संध्याकाळी निघताना पुन्हा एकदा विचारलं. मी आवाज चढवला. "मशीन मी चालवलं का तुमी?" त्या हसल्या, म्हणाल्या, बरोबर आहे, आणि लिहून घेतलं.

नवी प्रत तयार झाली. पहिला खेळ नगरला, एका रविवारी सकाळी. पेपरात आलं होतं, गाजलेला चित्रपट पुन्हा मूळ स्वरूपात, संपूर्ण. थिएटर भरलं. मला स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिला. एक गृहस्थ माईकवर म्हणाले, "ह्यांनी ह्या चित्रपटाचा एक फूटही वाया जाऊ दिला नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

खेळ सुरू झाला. सहाव्या रिळातला जोड आला आणि गेला. कुणाला कळला नाही.

दिवे लागले, लोक उठले. पुढच्या रांगेतून एक म्हातारी मॅडमकडं आली. साठी उलटलेली, हिरवं नऊवारी, सोबत मुलगा आणि सून.

"बाई, माझं दळान कुठं गेलं?"

"कसलं दळण, आजी?"

"जात्यावरचं. मी दळती, गाती, आन ती दारात हुबी ऱ्हाती. दिसभर दळून घेतलं माझ्याकडून, हात सुजले हुते."

मुलगा ओशाळून पुढं आला. "मॅडम, मनावर घेऊ नका. आईचं हे जुनंच हाय. मी पिक्चरमधी काम केलंय म्हून सगळ्या गावाला सांगती. आमच्या गावानं तंबूत धा-धा येळा बघितला, ही कुठंच न्हाई. शिनेमावाली म्हातारी म्हणत्यात हिला. पेपरात संपूर्ण दाखवणार म्हून आलं, तर हट्टानं आली."

"आत्याबाई, बघितला ना आता पुरा?" सून हळूच म्हणाली. "आता तरी सोडा तो नाद."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "आपण ह्यांनाच विचारू. बाबा, असा काही प्रसंग होता का?"

शाल माझ्या खांद्यावर होती. माईकवाले गृहस्थ शेजारी उभे होते. व्हय म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "न्हाई बाई. तसलं काय नव्हतं ह्यात."

मागून कुणीतरी म्हणालं, "सपान पडलं आसल म्हातारीला," आणि चार माणसं हसली. ती रडली नाही, भांडली नाही. माझ्याकडं बघत राहिली, मग डोक्यावरचा पदर नीट केला.

"मंग मीच चुकले आसंन," म्हणाली, आणि मुलाच्या मागं चालायला लागली.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी पचवल्या असत्या. मी हटवादी माणूस, भांडणात मागं सरत नाही. पण ती तर भांडायलाच उभी राहिली नाही. चाळीस वर्षं घरच्यांना आणि गावाला पुरून उरलेली बाई माझ्या एका न्हाईनं हरली. ती शाल मी परत अंगावर घेतली नाही. बायकोनं विचारलं, काय झालं, तर तिच्यावरच खेकसलो.

दीड महिना असा काढला. मग एसटीनं नगर आणि तिथून राहुरी. त्यांचं गाव राहुरीजवळ साखर कारखान्याच्या बाजूला आहे, एवढं मुलाच्या बोलण्यात आलं होतं. शिनेमावाली म्हातारी कुठं राहते विचारलं, तर पहिल्याच माणसानं हसत घर दाखवलं.

ती अंगणात शेंगा फोडत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. दळण होतं. मी कापलं. नगरला खोटं बोललो.

तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "मला काय सांगताय, पाव्हणं? मला ठावंच हाय. त्यांना सांगा."

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. त्याच्यापुढं, सुनेपुढं मी पुन्हा सांगितलं. मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि आईकडं बघितलं.

"आई, ह्यांना कुठून धरून आणलंस?"

"मी न्हाई आणलं."

"परवा भर थिएटरात हेच न्हाई म्हणले. आज व्हय म्हणत्यात. म्हाताऱ्या माणसाला कशाला पढवलंस?"

म्हणजे माझं खोटं तिच्या अंगाला चिकटलं होतंच, आता माझं खरंही तिच्यावरच उलटलं. ती म्हणाली, "उठा पाव्हणं, शेवटची गाडी चुकंल."

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला गेलो. मॅडमना सांगितलं.  त्या म्हणाल्या, "बाबा, मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं." एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी लांबीचे कागद काढले, हिशेब साडेतीनशे फुटांवर तंतोतंत बसला. तुकडे कुठं आहेत विचारलं. मी सांगितलं, टोकांना लावून झिजवले. त्यांच्याबरोबरच्या एका मुलीनं तोंड फिरवलं. इतके दिवस ती मला रोज चहा आणून द्यायची.

त्यांनी ठरवलं की सहाव्या रिळात त्या जागी एक पाटी घालायची: इथं जात्यावरचा एक प्रसंग होता, तो आज उपलब्ध नाही. खाली त्या बाईचं नाव. पिक्चरच्या सुरुवातीची पाटी बदलून तिच्यातला संपूर्ण हा शब्द काढायचा. आणि तसं पत्र संस्थेच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी मला दिलं. माझ्या सांगण्यावरून म्हणून त्यात माझंही नाव घातलं. मी नको म्हणालो नाही. ते असायलाच हवं होतं.

पत्र घेऊन मी परत राहुरीला गेलो. मुलानं ते उभ्यानं वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं. शिक्क्यावर बोट फिरवलं.

"आई, मंग तू नीट सांगायचं न्हाईस का?"

"सांगत हुते की," ती म्हणाली. "तुझा बा हुता तवापून सांगत हुते."

सून उठून आत गेली.  मुलगा पत्र घेऊन शेजारी दाखवायला बाहेर पडला. अंगणात आम्ही दोघंच उरलो. मग तिनं मला सांगितलं. तिचे वडील स्टुडिओत सुतार होते. जी बाई दळणार होती तिला खुंटा धरता येईना, म्हणून हिला बसवलं, सतरा वर्षांची असताना. पिक्चर लागायच्या आत लग्न होऊन ती इकडं आली. पहिल्यांदा पाहिला तो राहुरीला, आमच्या तंबूत, नवऱ्याला हट्टानं घेऊन. मी मनात दिवसांचा हिशेब करून बघितला. मढी संपवून आम्ही थेट राहुरीलाच आलो होतो. माझी कात्री चालून जेमतेम आठ दिवस झाले असतील.

"म्हंजी मी मला कधी बघितलंच न्हाई," ती म्हणाली. "बघितलेलं आसं आता तुमीच एक. सांगा की, कशी दिसत हुते मी?"

मी आठवायला लागलो. शिट्ट्या आठवल्या. ढेकूळ आठवलं. पट्टीची लांबी आठवली, जोडाची जागा आठवली. बाई गोरी होती का सावळी, काय गात होती, हसत होती का, काहीच येईना. मशीनच्या खिडकीतून मी लोकांकडं बघत होतो, तिच्याकडं नाही. कापतानासुद्धा पट्टी उजेडाला धरून मी फक्त प्रसंग कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो एवढंच पाहिलं होतं.

"बाई," मी म्हणालो, "मला आठवत न्हाई. मी नीट बघितलंच न्हाई."

तिनं सूप बाजूला सारलं.

"भर सभेत खोटं बोलताना जीभ अडली न्हाई तुमची," ती म्हणाली. "आन आता एवढं एक, लई ग्वाड दिसत हुता म्हणायला, जड जातंय व्हय?"

मला ते म्हणता आलं नाही. तेवढ्यात सुनेनं चहा आणून ठेवला. मी तो घेतला, आणि मान वर न करता निघालो.