मावसाजींचा कोंबडा

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात कोंबडीला कोंबडी आणि कोंबड्याला कोंबडा म्हणण्याचा अधिकार एकाच माणसाला आहे, असं एकाच माणसाचं मत होतं, आणि तो माणूस म्हणजे आमचे मावसाजी. नाचणगावात त्यांचं घर, थोडी शेती आणि मागच्या अंगणात खुराडं. शेतीबद्दल विचारलं तर 'ठीक आहे' एवढंच सांगायचे. कोंबड्यांबद्दल न विचारता सांगायचे. माझं पुलगावला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. मावसाजी सायकलवरून यायचे, स्टुलावर बसायचे आणि मी गिऱ्हाइकाशी बोलत असताना मध्येच म्हणायचे, "पिलू उलटं धरलं अन् त्यानं डोकं वर उचललं तं कोंबडा, असं लोक म्हणते. लोकाइले अक्कल नाई." गिऱ्हाईक आपली मोटार उचलून दुसरीकडे जायचं. मावसाजींना त्याचं सोयरसुतक नसे.

त्यांचा खरा राग होता काट्यावर. कोंबड्याच्या पायाला मागच्या बाजूने टणक काटा फुटतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि मावसाजी चिडायचे ते नेमके या शेंबड्या ज्ञानावर. "तरण्या कोंबड्याले काटा नसते, अन् म्हातारपणी कोंबडीलेही फुटते. काटा पाहून जो कोंबडा म्हणन, त्याले पोरगी पाहाले पाठवू नका." पारख करायची ती मानेच्या पिसांवरून, चालीवरून आणि मुख्य म्हणजे भीतीवरून. पुलगावच्या लष्करी डेपोकडून जुना दारूगोळा उडवल्याचा धमाका आला, की आमच्याकडे प्रत्येक जण क्षणभर गप्प होतो आणि आपलं कोणी तिकडे कामावर आहे का ते मनातल्या मनात आठवतो. मावसाजी तेवढ्यात खुराड्याकडे धावायचे. दबली ती तलंग, मान ताठ केली तो कोंबडा. गाव जिवाच्या घोरात आणि हे अंगणात उकिडवे बसून बोट दाखवतायत, "हा, हा, अन् थो तिकडचा."

माझ्या चुलत बहिणीचं साक्षगंध झालं तेव्हा कारंज्याच्या व्याह्यांनी आम्हाला घरी जेवायला बोलावलं. खास तुमच्यासाठी गावठी कोंबडा कापला, असं ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले आणि मावसाजी पानावरून उठले. हात धुवायला गेले असतील असं आम्हाला वाटलं. ते घरामागच्या उकिरड्यावर गेले होते. परत आले ते मानेची मूठभर पिसं घेऊन, आणि ती त्यांनी व्याह्यांच्या ताटाशेजारी ठेवली. "कोंबडी होती हे. अंड्यावरची होती बिचारी." सोयरीक मोडली नाही हे बहिणीचं नशीब. त्या घरी पुढे आम्हा सगळ्यांना बोलावणं येई, फक्त मावसाजींना सोडून.

या माणसाबरोबर माझ्या मावशीने सगळा संसार केला. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याचं शास्त्र तिने भाकरी थापता थापता इतक्या वेळा ऐकलं होतं, की तो बोलायचा थांबला की पुढचं वाक्य ती म्हणे. खुराड्यातली एकच कोंबडी तिची स्वतःची, काबरी. अंडी दिली, पिलं काढली, म्हातारी झाली, तरी मावशीने तिला कापू दिलं नाही. मग मावशीला पोटाचा आजार निघाला आणि दवाखान्याने एक दिवस सांगितलं, आता घरीच न्या. मावशीची बाज ओसरीवर टाकली आणि त्या बाजेखाली काबरी येऊन बसायला लागली. तिच्या पायांना तोवर चांगले बोटभर काटे फुटले होते.

एका दुपारी मी संत्री घेऊन गेलो होतो. मावसाजी आणि मी बाजेजवळ बसलो होतो आणि बाजेखालून काबरीने बांग दिली. आवाज फाटका होता, घशात अडकलेला, पण बांगच ती. कोंबडीने बांग दिली की घरातलं माणूस जातं, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. मावशीचा तर दवाखान्यापेक्षा अशा गोष्टींवर जास्त विश्वास. तिचा चेहरा पांढरा पडला. "बलावणं आलं," ती म्हणाली.

शेजारच्या घरातून मावसाजींचे मोठे भाऊ आले, त्यांच्यामागून आणखी दोघं-तिघं. मोठे भाऊ अंगणातूनच म्हणाले, "कोंबडीनं बांग देल्ली. आत्ताच्या आत्ता काप, अन् शिवेवर फेकून ये." मावशीने बाजेखाली हात सोडला आणि काबरीच्या पाठीवर ठेवला. कोंबडी कापली तर आपली बायको मरणार हे नवऱ्याने तिच्यादेखत कबूल केल्यासारखं होणार, आणि नाही कापली तर ती प्रत्येक बांगेला मरणार. मावसाजींनी काबरीला बाहेर काढलं, उंबऱ्यावर बसले आणि तिचा पाय धरून म्हणाले, "कोंबडा आहे हा."

"अन् अंडे कोणं देल्ले?" भाऊ म्हणाले. "म्या खाल्ले ना थे अंडे."

"थे दुसरीचे होते. हा तिच्या जागेवर जाऊन बसत जाये."

"पिलं काढले ना इनं. वेडा झाला काय तू?"

"मीच चुकलो, दादा. काटा पाह्य ना केवढा आहे. कोंबडीले काटा असते काय कधी?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. व्याह्यांसमोर ज्याने माघार घेतली नाही, तो माणूस आपली आयुष्यभराची विद्या चार लोकांसमोर स्वतःच्या हाताने मातीत घालत होता. "कोंबडा तं कोंबडा," भाऊ शेवटी म्हणाले. "उद्या काही झालं तं मले म्हणू नको."

ते गेल्यावर मावशीने विचारलं, "अवो, खरंच कोंबडा होय?"

"होय."

"अन् इतके साल तुमाले समजलं नाई?" आणि ती हसली. पोट धरून, दुखत असूनही हसली. त्यानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने ही गोष्ट सांगितली. आमच्या घरच्या मास्तराले कोंबडा नाई ओळखता आला, म्हणे. गावभर झालं. चहाच्या टपरीवर लोक मावसाजींना स्वतःच्या चपला दाखवून विचारायचे, सांगा, नर का मादी? ते ऐकून घ्यायचे. काबरी रोज बांग द्यायची आणि मावशी म्हणायची, "बोलला पाहा तुमचा कोंबडा." तिला ते खरं वाटलं होतं की नवऱ्यासाठी तीही नाटक करत होती, मला सांगता येत नाही. शेवटचे दिवस तिने न घाबरता काढले एवढं मी पाहिलं.

कापूस वेचणीला आला तेव्हा ती गेली. तेरवीच्या पंगतीत मोठे भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्या सांगतलं होतं." कुणी त्यांना गप्प केलं नाही. मावसाजी वाढत होते, ते वाढतच राहिले. आता त्यांच्याकडे कुणी पिलं घेऊन येत नाही, आणि आलंच तर ते म्हणतात, "वाढू दे. दिसन मंग."

मागच्या आठवड्यात मी गेलो तर ओसरीवर उन्हात बसले होते, काबरी मांडीवर. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "कापली असती तं वाचली असती का रे थे?"

दवाखान्यात काय सांगितलं होतं ते मला सांगता आलं असतं. ते त्यांनाही पाठ होतं. मी म्हणालो, "मावसाजी, कोंबडा होय ना थो. कोंबड्याच्या बांगेनं कोणी जात नसते."

मला कोंबड्यातलं काडीचंही कळत नाही हे त्यांनी मला जन्मभर ऐकवलं आहे. त्या दिवशी त्यांनी काबरीला उचलून माझ्या मांडीवर दिलं. "नीट पाहून सांग."

मी पाय हातात घेतला. काट्यावरून अंगठा फिरवला, उजेडाकडे धरून पाहिलं, घाई केली नाही. "कोंबडाच," मी म्हणालो.

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवायचा ते फार प्रयत्न करत होते.