फिके कल्ले

वर्तकनगरातल्या जयेशच्या घरी एसी नाही, पण राजाच्या टाकीला चिलर आहे. मे महिन्यात घरची माणसं पंख्याखाली घाम पुसत बसतात आणि राजा गार पाण्यात हसऱ्या तोंडाने पडून असतो. राजा म्हणजे अ‍ॅक्सोलॉटल. रंग गुलाबी, पाय चार आणि डोक्यामागे पिसांसारखे कल्ले. त्याला मासा म्हटलेलं जयेशला अजिबात खपत नाही. "मासा नाही, सॅलमँडर आहे, बेडकाच्या नात्यातला," असं तो येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला समजावतो. पाहुणा लक्ष देऊन ऐकतो आणि निघताना म्हणतो, "छान आहे हो तुमचा मासा."

जयेश वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात खरेदी खात्यात आहे. तिथे त्याचं मत कोणी विचारत नाही. पण ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत ज्यांनी ज्यांनी हा प्राणी पाळलाय, त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जयेशदादाचा शब्द अखेरचा. डोंबिवलीच्या चिरागचा जीव तर कायम टांगणीला.

"दादा, माझा वर येऊन हवा गिळतोय! गेला काय?"

"नॉर्मल आहे."

"दादा, सकाळपासून कोपऱ्यात तोंड घालून बसलाय."

"नॉर्मल."

"दादा, जांभई दिली त्याने!"

"तू देत नाहीस?"

'वेगळं वागतो म्हणून लगेच आजारी समजू नका. आधी त्याचा स्वभाव समजून घ्या,' हे वाक्य जयेशने ग्रुपच्या माथ्यावर कायमचं चिकटवून ठेवलंय. स्वतःचं हे वाक्य त्याला फार आवडतं.

आता त्याच्या आईबद्दल. मालन कोळीण कळव्याच्या बाजारात उभा जन्म मासळी विकत बसली. त्याच कमाईवर जयेश शिकला, नोकरीला लागला आणि वर्तकनगरात आला. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तसा तो आईला आपल्याकडे घेऊन आला. आता तिने आराम करायचा, असं त्याने ठरवलं. तिने काय ठरवलंय हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

मालनचं वागणं जयेशला हळूहळू विचित्र वाटू लागलं. उजाडायच्या आत ती आंघोळ उरकून गॅलरीत जाई, स्टुलावर बसे आणि मासळीची रिकामी पाटी समोर ठेवून भिंतीकडे बघत राही. मधूनच तांब्यातलं पाणी हाताने फरशीवर शिंपडी. दक्षताने, म्हणजे जयेशच्या बायकोने, फ्लॉवर आणला की मालन माशाचे कल्ले उचलावेत तशी त्याची पानं उचलून आत वाकून बघे. एका दुपारी समोरच्या इमारतीतली बाई कपडे वाळत घालत होती, तिला मालनने खणखणीत हाक मारली, "ये गो बाय, घे ना, ताजं हाय!" त्या बाईने खिडकीच लावून घेतली.

जयेशने मोबाइलवर वाचून काढलं आणि त्याला चार वेगवेगळे आजार सापडले. चारही आईला तंतोतंत लागू पडत होते. शनिवारची मनोविकारतज्ज्ञाची वेळ त्याने घेऊन टाकली आणि आईला तसं सांगूनही टाकलं.

तिला काय होतंय हे मालनने स्वतः सांगितलं नव्हतं असंही नाही. "मना बाजारात बसायचंय," असं ती पहिल्या महिन्यापासून सांगत होती. हाडांच्या डॉक्टरांनी स्टुलावर बसायला परवानगीही दिली होती. पण सुखाने घरात बसायचं सोडून बाजारात जावंसं वाटणं, हेच जयेशच्या लेखी आजाराचं मुख्य लक्षण होतं.

इकडे बाजारातली तिची जागा रंभाने राखली होती. रंभा शेजारच्या पाटावर बसणारी, मालनची जुनी मैत्रीण. त्या बाजारात जागेवर उपडी पाटी ठेवली की ती बाई परत येणार, असं सगळ्याजणी मानतात. रंभा रोज सकाळी मालनच्या नावाची पाटी उपडी ठेवी. पण अशी जागा किती दिवस रिकामी राहणार? त्याच बाजारातल्या काळुरामची सून त्या जागेवर टपली होती. येत्या रविवारी मालन आली नाही, तर पाटी उचलायची असं बायकांनी ठरवलं. रंभाने जयेशला तसं कळवलं. "आईला विचारून सांगतो," तो म्हणाला, आणि विचारलं काही नाही. एकदा जागा गेली की आईचा हट्टही जाईल, असा त्याचा हिशोब होता.

गुरुवारी दुपारी ऑफिसात फोन वाजला. घरी मालन एकटीच होती.

"पोरा, तुझा मासा गेला रे."

"मासा नाही तो, आई... काय? गेला?"

"कल्ले पांढरे पडलेत. मी बघितलं ना!"

फिक्या कल्ल्यांवर जयेशने ग्रुपवर किमान पन्नास जणांना धीर दिला असेल. पण हे मालन कोळीण सांगत होती. कल्ले बघून मासळी कधी मेली हे सांगण्यात ती कधी चुकली नव्हती. लहानपणापासून या एका बाबतीत आईचा शब्द म्हणजे निकाल. जयेशचं सगळं ज्ञान एका क्षणात पातळ झालं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, रिक्षावाल्याला घाई करत तो घरी धडकला. दारातूनच ओरडला, "आये!" वर्तकनगरात आल्यापासून तो 'आई' म्हणत असे.

मालन टाकीसमोर स्टूल टाकून बसली होती. मयताच्या घरी बसावं तशी. राजा तळाशी निपचित पडला होता, कल्ले दुधासारखे. जयेशने काचेजवळ हात नेला. राजाने एक कल्ला झटकला, सावकाश जांभई दिली आणि पाय उचलून चालू लागला.

जयेशने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. "आई, झोपलेला तो! एका जागी पडून राहिला की यांचे कल्ले फिके पडतात. हिंडायला लागला की रक्त येतं, लाल होतात. नॉर्मल आहे."

मालन बघत राहिली. राजाने टाकीला फेरी मारली, वर येऊन हवेचा घोट घेतला, परत खाली गेला. कल्ल्यांवर खरंच लाली चढत होती.

"म्हंजे बसून राहिला की पांढरा," ती म्हणाली, "आणि कामाला लागला की लाल."

"हां."

"आणि भिंतीकडं तोंड करून बसतो तो?"

"तसाच असतो तो. स्वभाव आहे त्याचा."

"मंग याला डॉक्टरकडं नाय नेलास?"

"कशाला नेऊ? झालंय काय त्याला?"

बोलून गेल्यावर जयेशने आईकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत त्याने तिला असं नीट पाहिलंच नव्हतं. उन्हाने रापलेला तो चेहरा फिका पडला होता.

तेवढ्यात रंभाचा फोन आला. "जयेश, काळुरामची सून माझ्या डोक्यावर उभी हाय. मालन येते का नाय, एकदाचं सांग. तिला झालंय तरी काय?"

तब्येत बरी नसते, असं सांगायला जयेशने तोंड उघडलं.

"काही नाही झालेलं, मावशी," तो म्हणाला. "नॉर्मल आहे ती. पाटी उचलू नको. रविवारी मी घेऊन येतो तिला."

फोन ठेवून तो आईच्या चेहऱ्याकडे बघू लागला. निदान हसेल तरी, असं त्याला वाटलं होतं. मालन गुडघा सांभाळत उठली आणि तिने गॅलरीतली पाटी आणून नळाखाली धरली.

"याचं समदं तुला आठ दिवसात समजलं," पाटी घासता घासता ती म्हणाली. "माझ्या हातचं म्हावरं तं चाळीस वर्सं खाल्लंस."