वरच्या खोलीतला पाहुणा

गावातल्या बेसबॉलच्या मैदानावर आज संध्याकाळी दिवे लावून बघत होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसले आणि मी वरच्या खोलीतली चादर बदलायला गेले.

अमेरिकेतल्या या छोट्या गावाची ही रीतच आहे. इथल्या संघात नवखी पोरं खेळतात, पगार जेमतेम, म्हणून हंगामभर ती कुणा ना कुणाच्या घरी राहतात. लेक नोकरीला लांब गेली तेव्हापासून तिची खोली आम्ही त्यांना देतो. गेल्या वर्षी मातेओ होता. तूप-साखर लावलेली पोळी गुंडाळून खात खात मैदानाकडे पळायचा. मी देवापुढे दिवा लावायची, पण मागायचं काय तेच कळायचं नाही. कारण इथे जो चांगला खेळतो त्याला मोठा संघ बोलावून नेतो. राहतात ते चुकणारे.

एका सामन्यात त्याने चेंडू थेट कुंपणाबाहेर मारला. सगळे उभे राहिले. शेजारून हे हळूच म्हणाले, "झालं. आता हा जाणार." मी टाळ्या वाजवतच राहिले.

उद्या नवा मुलगा येतोय. देवा, याला खूप चांगलं खेळू दे. फक्त जरा सावकाश.