अण्णांना रडायचं नव्हतं

मी लीड्सला निघाले त्या दिवशी चऱ्होलीत आमच्या दारात अर्धी भावकी जमली होती. मी तिकडं काय शिकणार, हे आईनं सगळ्यांना आपल्या परीनं सांगितलं होतं. रिअॅलिटी शो, बातम्या, माहितीपट, आणि लोक त्यातलं काय खरं मानतात याचा अभ्यास. गाडीत बॅगा ठेवताना चुलते म्हणाले, "टीव्ही बघायला एवढ्या लांब जायचं व्हय?" सगळे हसले. माझे वडील, अण्णा, तेवढे गंभीर. "जाऊ द्या तिला. हितं बघून कुणाला डिग्री मिळाली?"

दुसऱ्या वर्षी मला एक छोटा माहितीपट करायचा होता. विषय घरचाच घेतला, आमच्या शेतावर उभ्या राहिलेल्या सोसायट्या. सुट्टीत आले तेव्हा अण्णांना जुन्या बांधाच्या जागी, म्हणजे आताच्या पार्किंगमध्ये, उभं केलं आणि विचारलं, "जमीन गेली त्याचं काय वाटतं?"

"बरं वाटतं की. पाठ दुखायची थांबली. सकाळी लिफ्टनं खाली येतो, चार माणसं भेटत्यात. आता काय कांद्याला पाणी द्यायला पळावं लागत न्हाई."

माझ्या मार्गदर्शक बाईंनी हे चित्रण तिकडून पाहिलं. बाई भल्या, पण त्यांना अण्णांच्या चेहऱ्यावर दुःख हवं होतं. पुन्हा विचार, म्हणाल्या, मध्ये थोडी शांत राहा, ते मोकळे होतील. माणसाला कॅमेऱ्यासमोर रडवायच्या याच युक्त्यांवर मी प्रबंधातलं एक प्रकरण लिहीत होते!

दुसऱ्या दिवशी कॅमेरा लावून अण्णांना बाईंचं म्हणणं सरळ सांगून टाकलं.

"तुझं काम अडत असंल तर रडतो की. तुझी आई त्या गाण्याच्या शोला रडती, तसं." आणि खरंच रुमाल काढून डोळ्यांना लावला.

मला हसू आवरेना, आणि आतून गलबलूनही आलं. लेकीच्या डिग्रीसाठी हा माणूस स्वतःचं समाधान खोटं पाडायला तयार होता.

ते सगळं मी माहितीपटात तसंच ठेवलं, बाईंच्या मागणीसकट आणि रुमालासकट. मग तो विद्यापीठात दाखवला. लोक हसले, मग हळूहळू गप्प झाले. बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, "हे मी वर्गात दाखवू का?"

आता मीही तिथंच शिकवते. पाकिस्तानी दुकानातून ज्वारीचं पीठ आणते, रविवारी भाकरी थापते, आणि खिडकीतून दिसणाऱ्या करड्या आभाळाशी माझं बरं जमतं. तुमच्यातले जे कुणी असे लांब गेलेत, त्यांना 'घर कुठलं' हा प्रश्न सतत येत असणार. मला कुणी विचारलं, की मी गेल्या दिवाळीचं सांगते.

चऱ्होलीत रिक्षातून उतरले तर सगळीकडे नवे टॉवर. आमची बिल्डिंगच ओळखू येईना. आईला फोन लावला.

"हायेस तिथंच थांब. आले मी."

गाऊनवर ओढणी टाकून, पिठाच्या हातांनीच ती रस्ता ओलांडून आली. माझी जड बॅग हिसकावून घेतली आणि पुढं चालू लागली. गेटवरचा नवा वॉचमन मला अडवायला उठला, तशी मागं वळून त्याला म्हणाली, "आमची हाय."