टाचेचं अस्तर

अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, बुटाला आतून कातडं लावायचं होतं आणि ते दिवस मावळायच्या आत वाळायला हवं होतं. एवढ्याशा गोष्टीनं आमच्या घराचा जीव टांगणीला लागला होता.

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा लागत होता. निजामाच्या राज्यात, बाळापूरकडच्या आमच्या गावात, त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांची धरपकड सुरू होती आणि आता पाळी अप्पांची, असं सकाळीच कानावर आलं. अंधार पडताच आडरानानं निघायचं आणि पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात शिरायचं, तिथं निजामाचा अंमल नाही, असं ठरलं. गाडी जुंपली तर डोळ्यांवर येणार, म्हणून पायी. पण अप्पांच्या टाचेची जुनी जखम नुकती कुठे भरत आली होती. रानात तुरीची धसकटं उभी, चपलेतून आरपार जाणारी. बुटाचं आतलं अस्तर टाचेपाशी पार झिजून खालचा कडक भाग उघडा पडलेला. त्यानं कोसभरातच जखम फाडली असती.

मी तेव्हा माहेरी आले होते. बूट पदराखाली झाकून मीच चांभारकाकांकडे नेले. आमच्या घरचे त्यांना अरे-तुरे करत, मी काका म्हणायची. सासरी जाऊन पोरगी बिघडली, असं आईचं मत. काकांनी बूट उलटसुलट करून पाहिले. मेंढीचं मऊ कातडं घेतलं, रापीनं कडा तासून पातळ केल्या, चिंचोक्याची खळ लावून आत बसवलं आणि वरच्या काठाला टाके घातले. सावलीत ठेव, पाण्याचा थेंब लागू देऊ नको, म्हणाले.

मी ते आईला जसंच्या तसं सांगितलं. पण नवं कातडं उंबऱ्याच्या आत घ्यायचं तर पाणी टाकून, ही आमची रीत, आणि सोवळ्याचं पाणी तिच्या लेखी पाणीच नव्हतं. एरवी ती दोन थेंबांवर भागवायची. त्या दिवशी नवरा असल्या वाटेला लागणार, काही कमी पडू नये, म्हणून तिनं दोन्ही बुटांत भक्तिभावानं तांब्या ओतला.

दुपारी अप्पांनी पाय घालून पाहिला आणि कळवळून बाहेर काढला. अस्तर सुटून टाचेशी त्याची घडी पडली होती. पायाच्या चिंधीवर रक्त दिसत होतं. चपला घालून जातो, असं ते म्हणाले, पण ते पोचणार नाहीत हे घरात सगळ्यांना कळत होतं. आईचा मला संताप आला.

मी पुन्हा धावले. काका मागच्या बाजूनं गोठ्यात आले. कातडं नव्यानं चिकटवून आत गरम जोंधळ्याची पुरचुंडी दाबून धरावी लागेल, तीही विस्तवाजवळ बसून, एकसारखी बदलत, असं त्यांनी सांगितलं. अंगणात विस्तव केला तर गल्लीला दिसणार. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती बाजूला झाली.

"आत ये."

काका जागचे हलले नाहीत. "मालकीण, चुलीपाशी?"

"व्हय. बस तिथं. येळ न्हाई."

आई तव्यावर जोंधळे गरम करी, फडक्यात बांधी आणि काकांच्या हातात देई. हातात, वरून टाकून नव्हे. मी चूल फुंकत होते; गल्लीत पावलं वाजली की आम्हां तिघांचे हात थांबत. एकदा कुणी तरी दाराशीच खाकरलं. आईनं काकांचं मनगट घट्ट धरलं आणि पावलं पुढे जाईपर्यंत सोडलं नाही. तिन्हीसांजेला अप्पांनी बूट चढवले, उभे राहिले आणि निघाले.

निजामाचा अंमल संपल्यावर ते परत आले, धड पायानं. दुसऱ्या दिवशी काका भेटायला आले. आईनं त्यांच्यासाठीची बिनकानाची कपबशी कोनाड्यातून काढली आणि चहा ओट्यावर ठेवला.

"त्या दिशी तर चुलीपाशी बसवलं होतंस," मी म्हणाले.

"त्या दिशी तुझ्या बापाच्या जीवावर बेतलं होतं," ती शांतपणे म्हणाली.

अप्पा तिथंच बसले होते. त्यांनी आपल्या कपातला चहा बशीत ओतला, आणि मला आईपेक्षा त्यांचाच जास्त राग आला. त्या अस्तरावर चालून गेले होते तेच. काकांनी पायरीवरचा बूट उचलून आत बोटं घातली, टाचेपाशी चाचपून पाहिलं आणि अस्तर नीट धरलंय म्हणाले. मग चहा पिऊन त्यांनी कपबशी स्वतःच विसळली आणि ओट्याच्या कडेला पालथी घातली.