शिमोनाचा खांदा

"प्रभू कसा, जरा प्रसन्न चेहऱ्याचा हवा," नाटकातली कामं वाटताना मॅडम म्हणाल्या. त्यांची नजर माझ्यावरून पुढे गेली आणि चर्चच्या सेक्रेटरीसाहेबांच्या मुलावर, म्हणजे त्यांच्याच मुलावर थांबली. मग माझ्याकडे परत आली. "तू शिमोन. खांदे चांगले आहेत तुझे. आणि काळ्या मेकअपचाही खर्च नाही."

संडे स्कूलचा अख्खा वर्ग हसला. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

वधस्तंभाच्या, म्हणजे क्रूसाच्या ओझ्याखाली येशू थकला, तेव्हा शिपायांनी रस्त्यावरून एकाला धरून आणलं आणि तो वाहायला लावला. तो शिमोन. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या नाटकात त्याला एकही वाक्य नव्हतं. मंचावर प्रभू प्लायवुडचा पोकळ क्रूस घेऊन चालायचा. खाली उतरलं की शिमोनाच्या खांद्यावर खरा यायचा, जाड सागवानी. तो घेऊन चर्चच्या आवाराला फेरी घालायची. रणरणतं ऊन, तापलेली फरशी, अनवाणी पाय. मागून मंडळी गात यायची, छत्र्या उघडून. दर वर्षी शिमोन मीच.

पुण्यातल्या त्या दगडी चर्चच्या मागे आमची खोली होती. बाबा चर्चचे शिपाई. घंटा वाजवणं, बाकं पुसणं, कबरस्तानातलं गवत काढणं, संडास धुणं, सगळं त्यांच्याकडे. मॅडमचे पणजोबा शास्त्री होते. हे त्या दर सभेत सांगायच्या. आमचे आजोबा नगरकडचे, गावकुसाबाहेरचे. बाप्तिस्मा दोघांचाही झाला. प्रभुभोजनाची भाकर घ्यायच्या रांगेत मात्र आम्ही शेवटी. तसा नियम कुणी केला नव्हता, पण सगळे तो पाळायचे.

खांदा सोलवटून घरी आलो की बाबा खोबरेल लावायचे. "प्रभू बळ देतो, लेकरा. त्याचा भार उचलाया मिळाला, नशीब हाय आपलं." बाबांच्या तोंडी ते खरं होतं. आई गेली तेव्हाही ते रात्रभर गुडघ्यांवर होते आणि सकाळी घंटेच्या वेळेला उभे राहिले. ते बळ मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याची थट्टा मी कुणाला करू देणार नाही.

पण तेच वाक्य मॅडमही म्हणायच्या. बाबांनी हाताखाली माणूस मागितला की गोड हसून, "अहो, प्रभू बळ देईल की." त्यांची पर्स ड्रायव्हर उचलायचा.

पुढे मी शिकलो. खराडीत आयटी कंपनीत लागलो, गळ्यात कार्ड आलं. तरी उत्तम शुक्रवारी रजा टाकून शिमोन व्हायचोच. खोली चर्चची होती, आणि बाबांना तिथून निघायची भीती होती. एका वर्षी क्लायंटचं काम अडलं आणि रजा नामंजूर झाली. सकाळी ऑफिसातून मॅडमना फोन केला.

"काही काळजी करू नकोस," त्या म्हणाल्या. "तुझे वडील आहेत ना. त्यांना सवय आहे."

मी लॅपटॉप तसाच उघडा टाकून निघालो. टीम लीड मागून हाका मारत होता. रिक्षा येरवड्याच्या सिग्नलला अडकली तेव्हा मी नुसता "देवा, देवा" करत होतो.

पोहोचलो तेव्हा फेरी कबरस्तानाच्या भिंतीपाशी आली होती. क्रूसाखाली बाबा. सदरा घामाने पाठीला चिकटलेला. बघता बघता ते गुडघ्यावर आपटले. मंडळी थबकली, पण गाणं चालूच राहिलं. गाणं देवाच्या बळाचं होतं. एकाचाही हात पुढे आला नाही.

"उठा, उठा," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "फेरी अर्धवट सोडायची नसते."

तिथे उभ्या उभ्या मला कळलं. येशूही पडला होता. त्याला बळ आलं ते दुसऱ्या माणसाच्या खांद्यातून आलं, आणि तो खांदाही वेठीला धरलेला होता. आजोबाही सरकारी साहेबांच्या ट्रंका या गावाहून त्या गावाला वेठीवरच वाहायचे. शिमोनाला कुणी विचारलं नव्हतं. आजोबांना नाही. बाबांना नाही. मला तर नाहीच नाही.

मी बाबांच्या अंगावरचा क्रूस उचलला. सगळ्यांना वाटलं, आता हा खांद्यावर घेणार. मी तो फरशीवर ठेवला.

गाणं थांबलं.

"अरे! क्रूस जमिनीवर ठेवतात का?" मॅडम ओरडल्या.

"ज्यांना वर हवाय त्यांनी उचलावा."

कुणी हललं नाही. सेक्रेटरीसाहेब जवळ आले. "खोली चर्चची आहे, विसरू नकोस."

"विसरलो नाही. म्हणून तर इतकी वर्षं उचलला."

बाबा रडत होते. "प्रभूला भुईवर टाकलंस, लेकरा." मॅडमच्या साऱ्या बोलण्यापेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं. अजून लागतं.

खोली गेली. आता आम्ही चंदननगरला भाड्याने राहतो. नोकरी टिकली, मेमो मिळाला. बाबा जेवतात, प्रार्थना करतात, त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत. मीही त्यांच्या शेजारी गुडघे टेकतो. बळ मागतो. पूर्वी सोसायला मागायचो, आता नाही म्हणायला मागतो, आणि या दुसऱ्याला बळ जास्त लागतं.

येत्या उत्तम शुक्रवारी मी त्या चर्चमध्ये जाणार आहे. पायात बूट घालून, पुढच्या बाकावर बसणार आहे. क्रूसाचं एक टोक सेक्रेटरीसाहेबांच्या मुलाने धरलं, तर दुसरं मी धरीन. नाही धरलं, तर क्रूस तिथेच पडून राहील. आमच्या घरातला खांदा यापुढे वेठीला मिळणार नाही.