समासातली झुंबड

मी अमरावतीच्या कॉलेजात भूगोल शिकवतो. यंदा अकोल्याच्या एका कॉलेजाबरोबर आम्ही एक मोफत पुस्तक ऑनलाइन वाचायला घेतलं. ओळीवर बोट ठेवायचं, बाजूच्या समासात टीप लिहायची, ती सगळ्यांना दिसते.

काळ्या मातीच्या धड्यावर मी संदर्भांसकट लांबलचक टिपा लिहिल्या. त्यांच्याखाली मिळालं काय? जोडलेले हात आणि ‘थँक्यू सर’. अकोल्याच्या मॅडमनी मात्र एकच ओळ लिहिली: ‘पाऊस पडल्यावर तुमच्या वावरात काय होते?’ खाली ही झुंबड! ‘मॅडम, चप्पल रुतून बसते.’ ‘आमच्या इकडे त बैलही फसते.’ आणि लिहिणारी निम्मी पोरं माझी, अमरावतीची! माझ्या तासाला ज्यांच्या तोंडातून शब्द फुटत नाही, तीच.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढच्या धड्यावर मीही टीप न लिहिता नुसता प्रश्न टाकला: ‘उन्हाळ्यात तुमच्या गावच्या विहिरीला पाणी असते का?’ दिवसभर मोबाइल उघडून पाहत होतो. संध्याकाळी माझ्याच वर्गातल्या मुलीनं खाली लिहिलं, ‘सर, याचं उत्तर तुमी कधी टाकता? लिहून घ्याचं हाय.’